फाइल तुमच्या नावाची आहे

जोडीदाराच्या नोकरीमुळे जर्मनीत येणाऱ्या मराठी बायकांना, आणि आता बऱ्याच पुरुषांनाही, माझं पहिलं सांगणं असतं की राहण्याच्या परवान्याची तुमची फाइल तुम्ही स्वतः वाचा आणि तिच्याबद्दल येणारं पत्र स्वतः उघडा. मीही कुटुंब-एकत्रीकरणाच्या कलमाखालीच या देशात राहते, त्यामुळे कुणाच्या संसारात लुडबूड करायची म्हणून हे लिहीत नाही. इथे येणाऱ्या बहुतेकजणी शिकलेल्या, चौकस असतात. तरीही परवान्याच्या बाबतीत त्या फसतात, कारण एक समजूत पक्की बसलेली असते: भारतात व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे दिले, इथल्या परवाना कार्यालयात पुन्हा दिले, हातात कार्ड पडलं, म्हणजे काम संपलं. ठशांवरून एवढंच कळतं की कार्डावरची व्यक्ती आणि समोर उभी असलेली व्यक्ती एकच आहे. तिला इथे कोणत्या आधारावर, कधीपर्यंत आणि कोणत्या अटीवर राहता येतं, हे कायद्याच्या कलमावरून, कार्डावरच्या तारखेवरून आणि त्यावर छापलेल्या दोन-तीन बारीक ओळींवरून ठरतं. त्या ओळी घरात बहुधा एकट्या नवऱ्यालाच माहीत असतात. कित्येक घरांत त्यालाही नसतात.

ठशांविषयी आपल्या लोकांच्या मनात जी धास्ती असते ती मी हलकी मानत नाही. बोटाचा ठसा म्हटलं की अजूनही पोलीस ठाणं आठवतं. खरं तर आधुनिक काळात ठशांचा कारभारात वापर सुरू झाला तो आपल्याकडेच. बंगालमध्ये १८५८ साली विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला, तो सही नाकारता येऊ नये म्हणून. २०१० साली आधारची सुरुवात झाली ती नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीतून. म्हणजे दहा बोटं यंत्रावर ठेवणं मराठी माणसाला नवं नाही. युरोपीय संघाने २००८ साली बाहेरच्या देशांतल्या नागरिकांच्या परवान्यात बायोमेट्रिक माहिती घालण्याचा नियम केला आणि जर्मनीत १ सप्टेंबर २०११पासून पासपोर्टात चिकटवायच्या परवान्याऐवजी चिप असलेलं कार्ड मिळू लागलं. त्या चिपमध्ये तुमचा फोटो आणि दोन बोटांचे ठसे असतात, आणि सहा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. कार्ड स्थानिक कार्यालयात छापलं जात नाही, ते बर्लिनच्या बुंडेसड्रुकराय या छापखान्यातून येतं, म्हणून ठसे दिल्यापासून कार्ड हाती येईपर्यंत काही आठवडे जातात. सारा धोका असतो तो या मधल्या काळात. त्याकडे पुढे येतेच.

ठसे देताना काय सांभाळायचं ते थोडक्यात सांगते. लग्नानंतर लगेच व्हिसाची तारीख घेतली जाते आणि तेव्हा बोटांच्या टोकांपर्यंत मेंदी रंगलेली असते. ठसे घेणारं यंत्र अशा बोटांवर अडखळू शकतं, आणि चिरलेलं किंवा भाजलेलं बोटही अडचण करतं. मेंदी तळहातापुरती ठेवा किंवा तारीख पुढची घ्या. भांडी, धुणं, रसायनं यांनी रेषा पुसट झालेल्या असतील तर आधी तसं सांगा, कारण तर्जनीचा ठसा नीट उमटला नाही तर दुसऱ्या बोटाचा घेण्याची सोय नियमातच आहे. फोटोचे नियम मे २०२५पासून बदलले आहेत आणि आता तो डिजिटल लागतो, तेव्हा भारतातून छापून आणलेल्या प्रतींवर विसंबू नका.

नावाचा प्रश्न मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही, कारण तो खास आपला आहे. भारतीय पासपोर्टात दोनच रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव. आपलं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, बहुधा दुसऱ्या रकान्यात जातं आणि जर्मन यंत्रणा ते तुमचंच दुसरं नाव समजते. लग्नानंतर पासपोर्टात मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं, काही घरांत तर पहिलंही बदललं, तर पदवीच्या प्रमाणपत्रावरची बाई आणि कार्डावरची बाई कागदोपत्री दोन वेगळ्या व्यक्ती होतात. लग्नाचा दाखला, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि जुना पासपोर्ट हे तिन्ही एकत्र ठेवल्याशिवाय ती साखळी जुळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की परदेशी जायचं ठरलेलं असेल तर नाव बदलायचं की नाही हा निर्णय व्हिसाच्या अर्जाआधी घ्यावा, आणि तो स्वतः घ्यावा. परवाना मिळाल्यावर नाव बदललं तर पासपोर्ट नवा आणि मग कार्डही नवं, फीसकट. पासपोर्टाची मुदत थोडीच उरली असेल तर कार्डही बहुधा तेवढ्याच मुदतीचं मिळतं, म्हणून पासपोर्टाचं नूतनीकरण भारतातच उरकून घेणं शहाणपणाचं. आणखी एक खर्च वाचवता येण्यासारखा आहे. भारतीय कागदपत्रांवरचं अपोस्टील जर्मनी मान्य करत नाही. इथले अधिकारी हवं तर दूतावासामार्फत कागदांची पडताळणी करून घेतात. लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टील घेण्यासाठी एजंटाला पैसे मोजण्याआधी हे लक्षात ठेवा.

जर्मनीत टपाल फ्लॅटच्या क्रमांकावर येत नाही, पत्रपेटीवरच्या नावावर येतं. पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव असेल आणि तुमचं वेगळं असेल, तर कार्यालयाचं पत्र किंवा कार्डाच्या पिनचं पत्र परत जाऊ शकतं आणि ते आलं होतं हे तुम्हाला कळतही नाही. नव्या घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीचा कागद आणि पेटीवरचं तुमचं नाव या दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात व्हायला हव्यात. नोंदणीचा तो साधा कागद पुढे फार मोलाचा ठरतो, कारण तुम्ही दोघं या देशात एकाच छताखाली कधीपासून राहता याचा तो सरकारी पुरावा असतो.

आता तारखांकडे येते. तुम्ही ज्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर येता त्याला शेवटची तारीख असते, आणि परवान्याचा अर्ज त्या तारखेच्या आत पोचला पाहिजे. टर्मिन, म्हणजे कार्यालयातली भेटीची वेळ, मिळालं नाही ही सबब अर्जाच्या बाबतीत चालत नाही. टर्मिन पुढचं असलं तरी अर्ज ऑनलाइन, पत्राने किंवा ई-मेलने आधी करता येतो आणि तो केल्याची पोच जपून ठेवता येते. अर्ज वेळेत केला असेल तर जर्मनीच्या निवास कायद्याच्या ८१व्या कलमाच्या चौथ्या उपकलमानुसार निर्णय होईपर्यंत तुमचा जुना व्हिसा किंवा परवाना चालू असल्याचं मानलं जातं, आणि तसं लिहून देणारा तात्पुरता कागद मिळतो. इथले मराठी लोक त्याला फिक्शन सर्टिफिकेट म्हणतात. त्या कागदावर तीन चौकटी असतात आणि त्यांपैकी कोणत्या चौकटीवर खूण आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. चौथ्या उपकलमाच्या चौकटीवर खूण असेल तर कामाचा हक्क टिकतो आणि भारतात जाऊन परतही येता येतं. दुसऱ्या चौकटींवर असेल तर तो कागद घेऊन देशाबाहेर गेल्यावर परत शिरता येईलच असं नाही. घरात लग्न आहे, आजारपण आहे, विमानाचं तिकीट काढलं आहे, आणि खूण कुठे आहे ते कुणी पाहिलेलंच नाही, हे सर्रास घडतं. पाहायला अर्धं मिनिट लागतं, पण पाहायचं असतं हे माहीत हवं. शेंगेन सीमांवर १२ ऑक्टोबर २०२५पासून येणाऱ्या-जाणाऱ्या बाहेरच्या नागरिकांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ती थोड्या काळासाठी येणाऱ्यांसाठी आहे आणि परवानाधारकांना लागू नाही. म्हणून सीमेवर पासपोर्टाबरोबर कार्ड आपणहून पुढे करावं, नाहीतर तुमची पाहुणी म्हणून नोंद होण्याचा संभव असतो.

कामाच्या बाबतीत आपल्याकडे अमेरिकेचा अनुभव डोक्यात इतका पक्का बसला आहे की तो जर्मनीलाही चिकटवला जातो. न्यू जर्सीतली मावसबहीण एच-फोर व्हिसावर वर्षानुवर्षं घरी बसली, तिथे काही ठरावीक एच-फोर धारकांना कामाची परवानगी मिळू लागली तीच २०१५पासून, तेव्हा जर्मनीतही तसंच असणार असं घरची मंडळी धरून चालतात. इथे तसं नाही. कुटुंब-एकत्रीकरणाच्या प्रकरणाखालच्या परवान्यावर, आणि त्यासाठीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावरही, कामाचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. त्यासाठी वेगळा अर्ज नाही आणि नवऱ्याच्या कंपनीची संमतीही लागत नाही. कार्डावर किंवा व्हिसावर तशी ओळ छापलेली असते, आणि ती जर्मन भाषेत असल्यामुळे वाचली जात नाही. एका न वाचलेल्या ओळीपायी कुणाची दोन वर्षं घरात जावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच्या उलट, जिथे सावध राहायला हवं तिथे आपण बेफिकीर असतो. बाळंतपणाला माहेरी जाणं ही आपली रीत, आणि ती चांगलीच आहे. सातव्या महिन्याच्या सुमारास जायचं, बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की परतायचं, असा हिशेब केला की सहा महिने सहज ओलांडले जातात. जर्मन कायद्याच्या ५१व्या कलमानुसार देशाबाहेर जाऊन सहा महिन्यांत परत आलं नाही तर परवाना आपोआप संपतो. त्यासाठी कुणी नोटीस पाठवत नाही. हातातल्या कार्डावर पुढच्या दोन वर्षांनंतरची तारीख छापलेली असली तरी तो परवाना संपलेला असतो. ब्लू कार्डधारकाला आणि त्याच्या कुटुंबीयांना बारा महिन्यांची सवलत आहे, पण नवरा नक्की कोणत्या परवान्यावर आहे हे ठाऊक नसेल तर ही सवलत आपली आहे की नाही हे कसं कळणार? सहा महिन्यांहून जास्त राहावं लागेल असं दिसत असेल तर निघण्याआधी कार्यालयाकडून मुदत लेखी वाढवून घेता येते. भारतात जन्मलेल्या बाळालाही स्वतःचा व्हिसा लागतो आणि त्यात वेळ जातो, तो या हिशेबात आधीच धरायला हवा. बाळ जर्मनीत जन्मलं तर त्याच्या परवान्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असतो.

यावर मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा आक्षेप असा की हे सगळं बायकोने वेगळं सांभाळायचं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवणं झालं. मला हा युक्तिवाद समजतो, पण पटत नाही. ठसे तुमचे घेतले जातात, सही तुमची असते, परवान्यावर नाव तुमचं असतं. कायद्याने तुम्हाला स्वतंत्र व्यक्ती धरलेलंच आहे. शिवाय तुमचा परवाना सुरुवातीला नवऱ्याच्या परवान्यावर आणि तुमच्या एकत्र राहण्यावर उभा असतो, आणि माणसं आजारी पडतात, नोकऱ्या जातात, अपघात होतात. अशा वेळी घरात दोघांपैकी एकालाच फाइल कळत असेल आणि तोच इस्पितळात असेल, तर प्रेमाने काही कागद सापडत नाहीत. आणि हे मी सुखी संसारांबद्दलच बोलते आहे.

ज्या घरात सुख नाही तिथे हे ज्ञान आणखी गरजेचं असतं, आणि तिथेच ते मुद्दाम लपवलं जातं. ‘मी सांगितलं तर उद्या तुझा व्हिसा रद्द होईल’ ही धमकी परदेशात राहणाऱ्या कित्येक बायकांना ऐकावी लागते. नवऱ्याला परवाना रद्द करण्याचा कोणताही अधिकार नाही. वेगळं राहणं सुरू झालं तर कार्यालय परवान्याची मुदत कमी करू शकतं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याआधी तुम्हाला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते, निर्णय लेखी द्यावा लागतो आणि त्याविरुद्ध एका महिन्यात दाद मागता येते. कायद्याचं ३१वं कलम सांगतं की जर्मनीत तीन वर्षं कायदेशीर परवान्यावर पतिपत्नी म्हणून एकत्र राहणं झालं असेल तर जोडीदाराला स्वतःचा स्वतंत्र परवाना मिळू शकतो. २०११पूर्वी ही अट दोन वर्षांची होती. घरात मारहाण होत असेल किंवा तशीच असह्य परिस्थिती असेल तर तीन वर्षांची अट सोडून देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. जोडीदाराचा मृत्यू झाला असेल तर तीन वर्षं भरण्याची गरज नसते. ही तीन वर्षं कधी सुरू झाली ते दाखवायला पत्त्याच्या नोंदणीचा तोच कागद लागतो, म्हणून तो नवऱ्याच्या कपाटात कुलूपबंद असता कामा नये. पासपोर्ट, कार्ड आणि त्या कागदाचे फोटो स्वतःच्या ई-मेलमध्ये ठेवा, आणि त्या ई-मेलचा पासवर्ड फक्त तुम्हालाच माहीत असू द्या. हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रियांसाठी ११६०१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, अनेक भाषांत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही. कार्ड हरवलं किंवा हिसकावून घेतलं गेलं तर पोलिसांकडे आणि परवाना कार्यालयात कळवा, आणि त्याची ऑनलाइन ओळखीची सोय ११६११६ या क्रमांकावर बंद करून घ्या.

दुसरा आक्षेप भाषेचा आणि सोयीचा. नवऱ्याला जर्मन येतं, कंपनीने एजंट नेमून दिला आहे, तो सगळं करतो, मग डोकं कशाला शिणवायचं? एजंटाची मदत जरूर घ्यावी. फक्त त्याला पैसे कंपनी देते, तुम्ही देत नाही, हे विसरू नये. नवऱ्याने नोकरी बदलली की ती सेवा थांबते आणि तुमची कागदपत्रं, तुमच्या अर्जाची तारीख, कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार त्याच्या संगणकावर राहतो. अर्ज करताना संपर्कासाठी तुमचा ई-मेल द्या, पाठवलेल्या सगळ्या कागदांची प्रत मागून घ्या. भाषेच्या बाबतीत ब्लू कार्डधारकांच्या जोडीदारांना येण्याआधी ए-वन परीक्षेची अट नाही. सवलत चांगली आहे, पण त्यामुळे बऱ्याचजणी जर्मन शिकणंच पुढे ढकलतात. इथल्या सर्वसाधारण इंटिग्रेशन कोर्समध्ये ६०० तास भाषेचे आणि १०० तास इथल्या समाजाच्या, कायद्याच्या ओळखीचे असतात. कार्डावरच्या चार ओळी वाचायला तेवढंही लागत नाही, पण पुढे लागतं. नवऱ्याला कायमचा परवाना मिळाला म्हणून बायकोला तो आपोआप मिळत नाही. मार्च २०२४पासून, कुशल कर्मचारी म्हणून कायमचा परवाना मिळालेल्याच्या जोडीदाराला तीन वर्षांनंतर तो मिळवण्याची वाट खुली झाली आहे, पण त्यासाठी आठवड्याला किमान २० तासांचं काम आणि बी-वन पातळीचं जर्मन लागतं, शिवाय इतर अटी आहेतच. तीन वर्षांनी हे कळलं तर तीन वर्षं मागे जाता येत नाही. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या वेळी आपल्या शहराच्या कार्यालयाकडून ते पुन्हा तपासून घ्या.

तिसरं म्हणणं निराशेतून येतं: कार्यालयं इतकी संथ आहेत की आपण जागरूक असून काय उपयोग, उत्तरच येत नाही. संथ आहेत, यात वाद नाही. पण संथपणाचा फटका कुणाला बसतो ते पाहा. ज्यांच्याकडे अर्जाची पोच आहे त्यांचा हक्क वाट पाहताना चालू राहतो, आणि ज्यांनी नुसतं टर्मिनची वाट पाहण्यात व्हिसाची तारीख घालवली त्यांच्याकडे दाखवायला काही नसतं. प्रशासनाने पुरेसं कारण नसताना तीन महिन्यांत अर्जाचा निर्णय दिला नाही तर प्रशासकीय न्यायालयात दाद मागण्याची सोय जर्मन कायद्यात आहे. बहुतेक वेळा कोर्टापर्यंत जाण्याची गरज पडू नये, आधी वकिलाचं एक पत्र पाठवून पाहता येतं. ते पत्र लिहिताना वकील सर्वांत आधी विचारतो की अर्ज कोणत्या तारखेला, कुणी आणि कोणत्या पत्त्यावरून पाठवला. त्या ई-मेलची प्रत तुमच्या स्वतःच्या खात्यात असेल तर ती तिथल्या तिथे त्याला पाठवता येते.